‘खुशाब’ रणगाड्याचे कर्नल : आर्देशिर तारापोर
(निवेदन)

[दृश्य : अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय, सकाळ]

समोर दिसतो आहे तो सेंच्युरियन रणगाडा. ब्रिटिश बनावटीच्या या रणगाड्याचे वजन सुमारे पन्नास टन आहे. त्याच्या पोटात चार माणसे बसत. चालक पुढे, बुरुजात तोफ डागणारा आणि गोळा भरणारा, आणि त्यांच्या वर रणगाड्याचा कमांडर. बुरुजावरचे हे गोल झाकण नीट पाहावे. ते मिटून घेतले की कमांडर सुरक्षित असतो, परंतु बाहेरचे जग त्याला काचेच्या अरुंद फटींतूनच दिसते. झाकण उघडे ठेवून तो कमरेपर्यंत बाहेर उभा राहिला, तर उभ्या उसाच्या फडाआड दडलेला शत्रूचा रणगाडा त्याला आधी दिसतो, आणि शत्रूलाही तो दिसतो. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्स या रिसाल्याचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर बुर्झोरजी तारापोर हे असे उघड्या झाकणातून उभे राहून लढले.

[दृश्य : तारापूरचा समुद्रकिनारा आणि किल्ला]

तारापूर म्हटले की आज अणुऊर्जा केंद्र आठवते. पालघर जिल्ह्यातल्या याच गावाचे नाव या पारशी घराण्याने लावले. रतनजीबा नावाचे त्यांचे पूर्वज छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि पराक्रमाबद्दल त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली, त्यांत तारापूर मुख्य होते, अशी कथा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. पुढे आजोबा हैदराबादला निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला गेले. वडील फारसी आणि उर्दूचे जाणकार. आर्देशिर, म्हणजे घरातला आदी, याचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. सहा वर्षांचा असताना घरची गाय दावे तोडून बहिणीच्या अंगावर धावून गेली, तेव्हा हा मुलगा मध्ये उभा राहिला आणि हातातल्या काठीने त्याने गाईच्या नाकावर फटका मारला.

[दृश्य : पुण्यातील शाळेची इमारत, मैदान]

सातव्या वर्षी आदीला पुण्याच्या सरदार दस्तूर वसतिगृह शाळेत धाडण्यात आले. तेथूनच १९४० साली तो मॅट्रिक झाला. अभ्यासात तो बेताचाच होता, परंतु पोहणे, मुष्टियुद्ध, टेनिस आणि क्रिकेट यांत पुढे होता, आणि शाळेचा कप्तानही झाला. १ जानेवारी १९४२ रोजी हैदराबाद संस्थानाच्या सातव्या पायदळ पलटणीत त्यांची नेमणूक झाली, पण त्यांना ओढ होती ती चिलखती दलाची. ती इच्छा पुरी झाली एका अपघातामुळे. संस्थानी सैन्याचे प्रमुख मेजर जनरल अल एद्रूस पाहणीला आले असताना हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका जवानाच्या हातून बॉम्ब निसटून खंदकातच पडला. तारापोर यांनी आत उडी घेऊन तो उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला आणि त्याच्या ठिकऱ्या त्यांच्या छातीत घुसल्या. बरे झाल्यावर एद्रूस यांनी त्यांना बोलावून पाठ थोपटली, तेव्हा त्यांनी बक्षीस मागितले ते बदलीचे. अशा रीतीने ते हैदराबाद लान्सर्स या चिलखती रिसाल्यात दाखल झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या रिसाल्याबरोबर मध्यपूर्वेत गेले.

[दृश्य : पूना हॉर्सचे मानचिन्ह, रुपेरी हात]

हैदराबादच्या विलीनीकरणानंतर १९५१ साली तारापोर पूना हॉर्समध्ये आले. १८१७ साली पुण्याच्या तहान्वये उभे राहिलेले हे घोडदळ आता रणगाड्यांवर स्वार झाले होते. पडद्यावरचा हा हात इराणी सैन्याच्या निशाणाच्या टोकावरचा आहे, आणि १८५७ सालच्या इराणमधल्या खुशाबच्या लढाईत ते निशाण या रिसाल्याने जिंकून आणले होते. तारापोर यांनी ज्या रणगाड्यातून युद्ध केले, त्याचे नाव याच लढाईवरून ‘खुशाब’ असे ठेवलेले होते. सेंच्युरियन भारतीय सैन्यात आला तेव्हा त्याचे प्रशिक्षण घेण्यासाठी तारापोर यांना इंग्लंडला पाठवण्यात आले होते, त्यामुळे या यंत्राची नस न्‌ नस त्यांना ठाऊक होती.

[दृश्य : कौटुंबिक छायाचित्रे]

छावणीतल्या घरी पत्नी, एक मुलगी आणि एक मुलगा होता. बीथोवन आणि शोपँ यांचे संगीत ऐकण्याचा कर्नलसाहेबांना नाद होता. झाशीजवळच्या बबीना छावणीतून रिसाला आघाडीकडे निघाला, तेव्हा कुटुंब मागे राहिले.

[दृश्य : नकाशा. फिल्लौरा, वझीरवाली, चविंडा]

१९६५ चे युद्ध म्हटले की आपल्याकडे खेमकरण आणि असल उत्तर यांची नावे निघतात, आणि ती निघायलाच हवीत. फिल्लौराचे नाव मात्र शालेय पुस्तकांच्या आणि सप्टेंबरातल्या भाषणांच्या बाहेरच राहते, हे न्यायाचे नाही. पहिल्या चिलखती डिव्हिजनने सीमा ओलांडल्यावर ११ सप्टेंबर रोजी फिल्लौरा घेण्याच्या मुख्य चढाईचे काम पूना हॉर्सकडे आले. गावावर मागच्या बाजूने अचानक तुटून पडायचे, असा बेत होता. त्यासाठी रिसाला फिल्लौरा आणि चविंडा यांच्यामधून घुसत असताना वझीरवालीच्या दिशेने पाकिस्तानी रणगाडे अंगावर आले. त्यांच्याकडचा अमेरिकी बनावटीचा पॅटन हा त्या काळचा अधिक आधुनिक रणगाडा होता आणि त्याला अंतर मोजण्याची गुंतागुंतीची यंत्रणा होती. जवळून उडालेल्या चकमकीत मात्र सेंच्युरियनवरच्या तोफचीचा हात आणि डोळा त्या यंत्रणेला भारी पडला. सर्वांत पुढे असलेल्या तारापोर यांनी पाय रोवले, हल्ला थोपवला आणि रणगाड्यांचे एक स्क्वॉड्रन (तुकडी) व पायदळाची एक पलटण घेऊन फिल्लौरावर चाल केली. फिल्लौरा पडले. तारापोर जखमी झाले होते, पण मागे जाण्यास त्यांनी नकार दिला.

[दृश्य : प्रार्थनापुस्तक, साखळी, अंगठी, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन. प्रातिनिधिक]

याच दिवसांत एकदा त्यांनी रिसाल्यातले मेजर चीमा यांना जवळ बोलावले आणि हल्ल्याचा हुकूम द्यावा तितक्या स्पष्टपणे आपल्या चीजवस्तूंची वाटणी सांगितली. प्रार्थनापुस्तक आईला द्यावे, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन मुलाला. मुलाने सैन्यात जावे, हेही त्याला सांगावे. आपला अंत्यविधी रणभूमीवरच दहनाने व्हावा, ही त्यांची आणखी एक सूचना होती. अग्नीला पवित्र मानून त्याला प्रेताचा स्पर्श होऊ न देणाऱ्या पारशी परंपरेतला माणूस हे सांगत होता.

१४ सप्टेंबर रोजी त्याच जखमी अवस्थेत त्यांनी रिसाल्याला घेऊन वझीरवाली जिंकले. १६ तारखेला चविंड्याला मागून वेढण्यासाठी जस्सोरान आणि बुतुर-डोग्रांडी घ्यायचे होते, आणि त्या दिवशी ‘खुशाब’वर अनेकदा गोळे येऊन आदळले. तरीही दोन्ही ठाणी हाती आली. याच बुतुर-डोग्रांडीच्या लढाईत आठव्या गढवाल रायफल्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल झिराड हेही पडले. पंजाबच्या एका रणांगणावर एक पारशी आणि एक ज्यू पलटणप्रमुख, आणि दोघांची आडनावे कोकण किनाऱ्यावरच्या गावांची. सायंकाळी तारापोर रणगाड्याजवळ उभे असताना तोफगोळा येऊन पडला आणि ते धारातीर्थी पडले.

[दृश्य : राष्ट्रीय समर स्मारक, दिल्ली. परमयोद्धा स्थळावरील अर्धपुतळा]

त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन जस्सोरान येथेच झाले. पूना हॉर्सने या मोहिमेत शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे नऊ गमावले, अशी नोंद परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे. त्या युद्धात हा सन्मान दोघांनाच मिळाला, अब्दुल हमीद आणि तारापोर यांना. परमवीर चक्र मिळवणाऱ्या एकवीस वीरांत त्या वेळच्या हुद्द्याने तारापोर सर्वांत वरिष्ठ ठरतात. चविंडा हाती आले नाही. सप्टेंबर संपण्याआधी युद्धविराम झाला आणि जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारान्वये जिंकलेला मुलूख परत करावा लागला.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढच्या बसंतर नदीकाठी पूना हॉर्सचे रणगाडे पुन्हा पॅटनसमोर उभे ठाकले. त्या दिवशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी या रिसाल्याला दुसरे परमवीर चक्र मिळवून दिले. त्यांच्या रणगाड्याचे नाव ‘फॅमागुस्टा’ होते.