वहीतला दुसरा रकाना

[दृश्य: भुसावळ जंक्शन, रात्र. फलाटावर वाफाळणारी चहाची किटली. मागून मालगाडी सरकते आहे.]

भुसावळला रात्र अशी नसतेच. मुंबईकडून आलेल्या गाड्यांचे रस्ते इथे वेगळे होतात. एक नागपूरकडे आणि पुढे हावड्याला, दुसरा खंडवा-इटारसीकडे. गाडी थांबते, ड्रायव्हर आणि गार्ड बदलतात, गाडी सुटते. नाइट ड्युटी ज्या गावात घरोघरी ठाऊक आहे, तिथे रात्री दीडची फुटबॉल मॅच बघणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही.

युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, आणि मग मार्चअखेरपर्यंत तीच मॅच दीडला लागते. इथल्या पोरांना हे तोंडपाठ आहे. कडाक्याच्या थंडीत गोधडीच्या आत मोबाइल, कानात इअरफोन. सकाळी कॉलेजला, दुकानाला, शेडला जायचं असतंच. पण त्याआधी टपरीवर हजेरी लागते.

[दृश्य: सकाळचे साडेसात. टपरी. कटिंग चहा, बाकड्यावर चार-पाच जण.]

"रातले काय व्हयनं रे भो?" अमळनेरकडून रोज गाडीनं येणारा मुलगा अहिराणीत विचारतो. यावलचा मँचेस्टर युनायटेडवाला कपाळाला हात लावून सांगतो, "काय सांगू भो, हातची मॅच घालवून राहिले हे लोक." कोपऱ्यात बार्सिलोनाचा टी-शर्ट घातलेली, बीएस्सीला असलेली मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात. आणि मधोमध, मांडीवर वही घेऊन, लिव्हरपूलवाले काका. रेल्वेत लोको पायलट. भुसावळच्या भाषेत अजूनही ड्रायव्हर.

काकांना मॅच लाइव्ह क्वचितच मिळते. इंजिनात असताना स्वतःचा मोबाइल बंद ठेवावा लागतो, तो नियम आहे आणि काका तो पाळतात. खंडव्याच्या नाहीतर बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या जागी, पोहोचल्यावर फोन सुरू होतो आणि पहिल्यांदा दिसतो तो निकाल. हरलो की जिंकलो, तेवढंच. झोप झाली की मग ते रेकॉर्डिंग काढून बसतात.

[दृश्य: वही अगदी जवळून. आखीव पानं, निळी शाई, दोन रकाने.]

त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत. पहिल्यात निकाल. दुसरा ते मॅच पाहिल्यावरच भरतात: खेळलो कसे, कोण नव्हतं, गोलकीपरला किती वेळा गोल वाचवावा लागला, शेवटच्या वीस मिनिटांत कोण धावत होतं आणि कोण चालत होतं. पोरं पॉइंट टेबल बघून भांडतात, काका दुसरा रकाना बघून. या टपरीवरच्या गप्पा ऐकताना मला पुन्हा पुन्हा जाणवलं की फॉर्म ओळखायला हा माणूस शिकलाय, आणि बाकीच्यांनाही त्यानं शिकवलंय.

6 मार्च 2025 चं पान उघडू. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पॅरिसमध्ये तिथला क्लब पीएसजी विरुद्ध लिव्हरपूल. पहिला रकाना: 1-0, जिंकलो. हार्वी एलियट 86 व्या मिनिटाला मैदानात आला आणि पहिल्याच स्पर्शात त्यानं गोल केला. टपरीवर त्या सकाळी पेढे आले होते. दुसऱ्या रकान्यात काकांनी लिहिलंय: "त्यांचे 27 शॉट, आपले 2. गोलकीपर ॲलिसननं वाचवलं. पुढच्या आठवड्यात अवघड आहे."

पोरं चिडली. जिंकून आलोय आणि काका रडगाणं काय गातात? आठवड्यानं लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, परतीच्या मॅचला, पीएसजीच्या डेम्बेलेनं बाराव्या मिनिटाला गोल मारला, दोन्ही मॅच मिळून बरोबरी झाली, मॅच पेनल्टी शूटआउटला गेली आणि लिव्हरपूल 4-1 नं बाहेर पडलं. तोच पीएसजी 31 मे रोजी म्युनिकमध्ये इंटर मिलानला 5-0 नं धुऊन युरोपचा चॅम्पियन झाला. आणि हाच संघ त्या मोसमात एका टप्प्यावर चॅम्पियन्स लीगच्या 36 संघांच्या टेबलात 25 वा होता, बाद होण्याच्या रेषेखाली. जानेवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध 0-2 नं मागे पडून त्यांनी 4-2 नं मॅच काढली, तिथून गाडी रुळावर आली. त्याआधीच्या मॅचेसमध्ये बॉल त्यांच्याकडेच असायचा, संधी त्यांच्याच जास्त असायच्या, फक्त गोल होत नव्हते. टेबलात ते कुठे दिसणार?

[दृश्य: एप्रिलची रात्र. गच्ची, ओळीनं घातलेल्या गाद्या, पाण्याचा माठ.]

खानदेशातला एप्रिल ज्यानं काढलाय त्याला गच्चीवर झोपणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दिवसा पारा 43-44 च्या घरात, भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या. गच्चीवर पाणी मारायचं, ते सुकलं की गाद्या घालायच्या. 18 एप्रिल 2025 ची रात्र युनायटेडवाल्याच्या गच्चीवरच गेली. युरोपा लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी, दुसरी मॅच, स्वतःच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युनायटेड विरुद्ध फ्रान्सचा लियॉं. आधीची 2-2. इथे युनायटेड 2-0 नं पुढे, मग 2-2. लियॉंचा टोलिसो रेड कार्ड घेऊन बाहेर. एक माणूस कमी असूनही जादा वेळेत लियॉंनं दोन गोल मारले. 4-2.

गच्चीवरचे दोघे इथे झोपले. शहाणे होते, सकाळी कामाला जायचं होतं. जागा राहिला तो एकटा युनायटेडवाला. 114 व्या मिनिटाला युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी. 120 व्या मिनिटाला मेनूचा गोल. 121 व्या मिनिटाला हॅरी मॅग्वायरचं डोकं. 5-4. रात्रीचे तीन वाजून गेले होते, आणि तो ओरडला तेव्हा शेजारच्या गच्चीवरची आजी दचकून उठली. चोर आला असं वाटून तिनं काठी उचलली होती. सकाळी त्यानं तिला पाया पडून मॅचचा सगळा हिशेब सांगितला, आणि तिनंही तो नीट ऐकून घेतला. "त्यांचा एक गडी कमी होता तरी दोन गोल खाल्ले तुम्ही?" तिनं विचारलं. इतका नेमका प्रश्न मला त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळाला नाही.

त्याचं उत्तर तीन दिवसांत मिळालं. त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड वुल्व्हजकडून 0-1 नं हरलं. गुरुवारचा चमत्कार रविवारी कुठेच नव्हता.

[दृश्य: टपरी. आवाज चढलेले. वही हातोहात फिरते आहे.]

त्या मोसमाचं कोडं आजही टपरीवर सुटलेलं नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेड 15 व्या नंबरवर, 42 पॉइंट. लंडनचा टॉटनहॅम 17 व्या, 38 पॉइंट आणि 22 पराभव. त्यांच्या खाली फक्त तिघं, आणि ते तिन्ही संघ खालच्या लीगमध्ये गेले. असे हे दोन संघ 21 मे रोजी बिल्बाओत युरोपा लीगची फायनल खेळले. फॉर्मचं शास्त्र मानणाऱ्यानं काय करावं?

काका वहीची पानं मागे उलटतात. सप्टेंबरमध्ये टॉटनहॅमनं युनायटेडला 3-0 नं हरवलं. डिसेंबरमध्ये लीग कपमध्ये टॉटनहॅम 4-3. फेब्रुवारीत टॉटनहॅम 1-0. "यांच्यासमोर तुमची डाळ शिजत नाही," असं फायनलच्या आदल्या दिवशी युनायटेडवाल्याच्या तोंडावर सांगणारे एकटे काकाच. फायनलला 42 व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनचा गोल झाला, धड मारलेला सुद्धा नाही, गर्दीत घुसलेला. त्यानंतर युनायटेडच्या हॉयलंडचा हेडर गोलरेषेवरून टॉटनहॅमच्या फान डे फेननं उडी मारून, पाय डोक्यापेक्षा वर नेऊन परतवला. 1-0. टॉटनहॅमला 2008 नंतरचा पहिला करंडक, शिवाय चॅम्पियन्स लीगमध्ये जागा. युनायटेडला काहीच नाही. त्याआधी जेमतेम साडेतीन आठवड्यांपूर्वी, 27 एप्रिलला, हेच टॉटनहॅम लिव्हरपूलकडून 5-1 नं हरलं होतं आणि त्याच मॅचमध्ये लिव्हरपूलनं लीग जिंकली होती.

ताईचं म्हणणं वेगळं आहे, आणि मला ते पटतं. ती म्हणते, टॉटनहॅमनं लीग सोडून दिली होती. खेळाडू जायबंदी होते, उरलेल्यांना त्यांनी गुरुवारच्या युरोपा लीगसाठी राखलं. रविवारच्या पराभवांवरून त्यांचा फॉर्म ठरवणं म्हणजे घटक चाचणीच्या मार्कांवरून बोर्डाचा निकाल सांगण्यासारखं आहे. काका तिचं ऐकतात, वहीत वरच्या कोपऱ्यात लिहून घेतात: "कुठल्या मॅचसाठी खेळतायत, ते आधी बघणे."

[दृश्य: वहीचं एक कोरं पान. फक्त तारीख.]

3 जुलै 2025. लिव्हरपूलचा दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. जोटा 28 वर्षांचा होता. क्लबनं त्याची 20 नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. काकांनी त्या दिवशी मॅच नसतानाही पान उघडलं, तारीख घातली आणि दोन्ही रकाने तसेच सोडले.

नवा मोसम सुरू झाला तो विजयांनी. लिव्हरपूलनं लीगच्या पहिल्या पाचही मॅच जिंकल्या. पोरं म्हणाली, यंदाही आपलंच. दुसरा रकाना मात्र काळजीनं भरलेला होता. बोर्नमथविरुद्ध 88 व्या मिनिटाला कियेसाचा गोल. न्यूकॅसलविरुद्ध शंभराव्या मिनिटाला 16 वर्षांचा रिओ एन्गुमोहा. आर्सेनलविरुद्ध सोबोसलाईची लांबून मारलेली फ्री किक. बर्नलीविरुद्ध इंज्युरी टाइममधली सलाहची पेनल्टी. मॅच शेवटच्या श्वासाला सुटत होत्या. क्लबनं विर्ट्झ, एकिटिके, इसाक या नव्या खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतला होता, पण बॉल गेल्यावर मागे धावायचं कुणी, हे त्यांच्यात ठरलेलं दिसत नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी क्रिस्टल पॅलेसनं हरवलं, मग चेल्सीनं, मग स्वतःच्या मैदानावर युनायटेडनं 2-1. नोव्हेंबरमध्ये ॲनफिल्डवर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 0-3 आणि लगेच पुढच्या मॅचला नेदरलँड्सच्या पीएसव्हीकडून 1-4. ज्या माणसानं हे ऑगस्टपासून लिहून ठेवलं होतं, त्याला ते खरं ठरल्याचा आनंद कसा होणार? त्या सकाळी काका टपरीवर आले, चहा घेतला, आणि फुटबॉलचा विषय कुणीच काढला नाही. जोटाचं दुःख उराशी घेऊन ही माणसं खेळतायत, हे टपरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं, युनायटेडवाल्यालाही.

[दृश्य: गोवा एक्सप्रेस भुसावळच्या फलाटावर. निळी जर्सी घातलेला एक मुलगा खिडकीत.]

भारताच्या मॅचेससाठी वहीत मागची पानं राखलेली आहेत. भुसावळहून मडगावला थेट गाडी आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत विरुद्ध सिंगापूर होती, आशिया कपची पात्रता फेरी. अमळनेरचा मुलगा त्यासाठी गाडीत बसला. चौदाव्या मिनिटाला भारताच्या छांगतेनं पेनल्टी बॉक्सबाहेरून सणसणीत गोल मारला, आणि मुलगा सांगतो की पुढची अर्धी रात्र घसा बसला होता. मग मध्यंतराच्या आधी सिंगापूरच्या सोंग उइ-योंगनं बरोबरी केली, मध्यंतरानंतर त्यानंच दुसरा गोल मारला. 1-2. भारताची 2027 च्या आशिया कपची वाट तिथेच बंद झाली.

"टीव्हीवर फक्त बॉल दिसतो," तो म्हणतो. "तिथं बसल्यावर बिनबॉलचे लोक दिसतात. गोल झाल्यावर आपली सगळी लाइन दहा पावलं मागे सरकली भो. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सरकली."

काकांनी हे त्याच्या शब्दांत लिहून घेतलंय. भारताच्या पानांवर दोन्ही रकाने एकच गोष्ट सांगतात. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी 0-0, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये अखेरच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर 0-1, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून 0-1. मध्ये एक उजळ पान आहे. ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले, आणि सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये त्यांच्या संघानं ओमानला शूटआउटमध्ये हरवून तिसरा नंबर घेतला. त्या पानावर काकांनी लाल शाई वापरली.

पण या पोरांचा राग प्रशिक्षकावर नाही. इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग, आधीची दोन वर्षं सप्टेंबरमध्ये सुरू झाली होती. 2025 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आला, नवा भागीदार मिळाला नाही, आणि डिसेंबर उजाडला तरी लीगची शिट्टी वाजलेली नव्हती. काही क्लबांनी सराव थांबवला. युनायटेडवाला एरवी फक्त इंग्लंडचं बोलतो, पण इथे तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "मॅचच नाही तर फॉर्म कुठून आणणार? घरी बसून येतो का फॉर्म?" यावर टपरीवर एकानंही वाद घातला नाही.

[दृश्य: रविवार, सकाळ. मैदान. चुन्याच्या फिकट रेघा, जाळी नसलेले गोलपोस्ट.]

रविवारी हेच सगळे मैदानावर असतात. ताई राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावाला, खेळते आणि तिच्या बाजूनं सहसा कुणी निसटत नाही. काका गोलमध्ये उभे राहतात, ड्युटी नसेल तर. खेळ संपला की मैदानाच्या कडेला पोहे, आणि पुन्हा वही.

भारताची पुढची घरची मॅच जाहीर झाली की चार-पाच जणांनी जायचं ठरवलंय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ती तारीख ताईनं मोबाइलमध्ये लावून ठेवलीय. युनायटेडवाल्यानं दुकानातून सुट्टी मागितली आणि मिळालीही. काकांनी रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, तारखेची जागा मोकळी सोडून.