इंजिनाखालचं रबर

कुर्ला, सीएसटी रोड. पावसाची सर नुकतीच येऊन गेलीय, ताडपत्री अजून गळतेय. गाडी जागेवरच चालू आहे. डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी बघा, थरथरतंय. आता एसी लावलाय. पुन्हा बघा.

गाडीच्या मालकीणबाईंना दुसरीकडे ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगितलं होतं. मिस्त्रीकाकांनी आधी बॉनेट उघडलं आणि पोऱ्याला आत बसवलं. ‘ब्रेक दाबून धर. पहिला टाक, क्लच अर्धा सोड. आता रिव्हर्स.’ इंजिन थोडं डुलणारच, पण हे चक्क उचललं जातंय.

‘फाउंडेशन गेलंय.’

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग, दोन लोखंडांच्या मधलं रबर. काकांचा हात बसला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर. पद्मिनी इथेच, कुर्ल्यात बनायची. शेवटची टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. तिचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं, ताकद मागच्या चाकांना. या गाडीचं आडवं, ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे गिअर पडला की इंजिन पुढे-मागे हिसका खातं आणि तो हिसका तीन रबरं झेलतात. संध्याकाळी एलबीएस मार्गाने घाटकोपर गाठायचं तर असे हिसके किती, मोजून बघा.

हातातल्या बॅटरीचा उजेड उजव्या माउंटिंगवर. भेगेत बोटाचं पेर जातंय. वर तेल. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून तेल टिपकत राहिलं, रबर फुगलं, मऊ पडलं, फाटलं. म्हणून काका आधी पॅकिंग बदलतात. आमच्या लेखी मिस्त्री ओळखायचा तो इथे.

मग जॅक. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला थेट नाही, मध्ये लाकडी फळी, नाहीतर चेंबर चेपायचा. इंजिन उचलायचं नाही, नुसतं पेलायचं. एका गंजक्या बोल्टने पाऊण तास खाल्ला, तो तुम्हाला व्हिडिओत दाखवत नाही. नव्या माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवायचे. इंजिन आपल्या जागी बसलं की मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना. घाई केली तर रबर पिळलेलंच राहतं.

उरलेली दोन काकांनी पहारीने हलवून पाहिली. धड होती, ठेवली. ‘तिन्ही बदला’ म्हणणारे काही कमी नाहीत.

फाटलेलं तसंच चालवलं तर बाकीची रबरं, एक्सल आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यावर ताण येतो.

गाडी चालू, एसी चालू.

(निवेदन थांबतं. पोऱ्या डॅशबोर्डवरची बाटली उचलतो, दोन घोट पितो आणि पुढच्या गाडीखाली सरकतो.)