रिकिबीवर खापर फोडू नका

(वडगाव, बेळगाव इथं ज्येष्ठ नागरिकांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक काम करा. उजव्या कानात बोट घट्ट घाला आणि तोंड मिटून ‘हूं’ असा सूर धरा. लाजू नका, शेजारचाही करतोय. आवाज कुठं घुमला? बोट घातलेल्या कानात. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

वयानं कमी ऐकू येतं म्हणून माझ्याकडं येणारे पुष्कळ जण स्वतःच निदान घेऊन येतात. “डॉक्टर, कानातली हाडं गंजल्यात, गुडघ्यागत.” ऐकायला गंमत वाटते, पण कल्पना अगदीच वेडगळ नाही. पडद्यामागं तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड. उंची ३ मिलिमीटरच्या आसपास, तांदळाच्या कणीएवढी. तळहातावर ठेवून शिंकलात तर परत सापडायची नाही.

या तिघांची गरज काय? विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची हाक ऐकू येते का? हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा माघारी फिरतो. आणि आपला आतला कान पाण्यानंच भरलेला आहे. म्हणून पडद्यावरचा दाब ही हाडं रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतात. पडद्याचा थरथरणारा भाग त्या तळव्याच्या सुमारे १७ पट. त्यात हाडांची तरफ धरली की दाब २० पटींहून जास्त होतो. पाण्याला हलवायला तेवढा रेटा लागतोच.

आता, म्हातारपणी हे गंजतं का? गंजतं. पडदा ताठर होतो, सांध्यातली कूर्चा झिजते, चुना साचतो, कधीकधी हातोडी आणि ऐरण चक्क एकमेकींना चिकटतात. तरीही ऐकण्यात फरक पडतो तो अगदी किरकोळ. कारण रोजच्या बोलण्याच्या आवाजाला ही दोन हाडं तशीही एकजीव असल्यासारखीच हलतात. गुडघा आखडला तर मांडी घालता येत नाही. ऐरणीला कुठं मांडी घालायची आहे! चोर्ला घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि पणजी आली तरी सुटत नाहीत, ती तक्रार वेगळी. ती नाकामागून कानाकडं जाणाऱ्या नळीची. वयाबरोबर तीही जरा आळशी होते.

मग मधल्या कानाला, म्हणजे पडद्यामागच्या या हाडांच्या जागेला, सोडूनच द्यायचं? अजिबात नाही. खानापूरकडच्या एक मावशी सुनेबरोबर आल्या होत्या. सून म्हणाली, “त्रेसष्ट वय झालं, आता यंत्रच द्या.” मी बत्ती घालून बघितलं, तर पडद्याला शेंगदाण्याच्या टरफलाला पडावं तसं भोक. मावशी म्हणाल्या, “लहानपणी मलप्रभेत पोहताना कान फुटला, तेव्हापासून वाहतोय, थांबतोय.” (कान नदीनं फुटत नाही, बहुधा सर्दीनं फुटतो, नदीचं पाणी मग भोकातून आत जातं आणि बदनाम होतं.) पन्नास वर्षं त्या कानात कोमट लसणाचं तेल पडत होतं. भोक असलेल्या कानात तेल म्हणजे थेट मधल्या कानात तेल. पुढं कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन ठिगळ लावलं. वय आड आलं नाही. तसंच रिकीब जागेवर घट्ट बसण्याचा एक आजार आहे. तो बहुधा तरुणपणीच सुरू होतो, बायकांत जास्त. त्यावरही शस्त्रक्रिया आहे. आणि मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागं पाणी साचलं, तर नाकामागची जागा तपासल्याशिवाय कुणी तुम्हाला घरी पाठवू नये. तिथं गाठ नाही ना, हे बघायलाच हवं.

पण वयानं येणारा बहिरेपणा मुख्यतः आणखी आत असतो, शंखासारख्या वळलेल्या नळीत. तिथं बारीक केसांच्या पेशी असतात, आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. गेल्या की परत उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी उंच सुरांच्या पेशी बसतात आणि त्याच आधी जातात. स, श, फ, त यांची धार त्या सुरांत असते; आ, ओ, ऊ खालच्या सुरांत शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू येतं. वर घरचे ओरडले की, “ओरडतोस कशाला?” हळू ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही. हा तिरसटपणा नव्हे, त्याच पेशी गेल्याची खूण आहे.

वडगाव, खासबाग, शहापूर इथं तर ही खूण वयाच्या आधीच दिसते. ज्यांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली, त्यांनी हात वर करा. बघा! माग चालू असताना तुम्ही बोलत नाही, ओठ वाचता, बोटांनी खुणा करता. धोटा थांबला तरी रात्री कानात ‘कुंई’ चालूच. ते नुकसान कानाच्या तपासणीच्या आलेखावर ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, जवळ खड्ड्यासारखं दिसतं. वय मग तो खड्डा रुंद करत जातं.

आणि सीमाभागातली एक गंमत. बरेच जण म्हणतात, “घरात ऐकू येतं, बसमध्ये कंडक्टरचं कळत नाही.” तो कानडीत बोलत असतो. इंजिनाच्या गोंगाटात ‘मूरु’ की ‘नूरु’, तीन की शंभर? मराठीत अर्धा शब्द निसटला तरी मेंदू उरलेला जोडून घेतो, जन्मभराची सवय असते. दुसऱ्या भाषेत ते जुळवणं जड जातं. तेव्हा याला सीमाप्रश्न समजू नका, कान तपासून घ्या. यंत्र लागलं तर लावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो, म्हणून कपाटात टाकू नका. आणि एका रात्रीत एक कान गेला, तर आठवड्याच्या बाजाराची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

आता पुन्हा सूर धरा, या वेळी बोट न घालता. आवाज मधोमध आला तर बसा, चहा येतोय. ज्या कानाला कमी ऐकू येतं तिकडंच गेला, तर वाट अडली असण्याची शक्यता आहे: मळ, भोक, पाणी, नाहीतर रिकीब. चांगल्या कानाकडं गेला, तर आतला शंख. दोन्हीकडचे लोक इकडं टेबलापाशी या. बत्ती आणलेली आहे.