हुकमाशिवाय न उघडणारं दार

(दृश्य : ओहोटीची वेळ. गोव्यातल्या खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, बांधातली मानस, पाणी अडवणारं-सोडणारं दार. लाकडी झडप हलकेच ढकलली जाते, पाणी खाडीत सुटतं.)

मानशीला कुणी काही सांगावं लागत नाही. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून धरतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोरानं तीच झडप उघडते. दाब फिरला की दार फिरलं.

आपल्या ओटीपोटातलं, लघवी अडवणारं दार असं चालत नाही. तिथे नुसत्या दाबानं भागत नाही, हुकूम लागतो. आणि हुकूम आला की दोन स्नायूंनी एकाच वेळी उलट वागायचं असतं : एकानं आवळायचं, दुसऱ्यानं सोडायचं.

(दृश्य : दक्षिण गोव्यातल्या काणकोणहून पणजीला निघालेली बस, करमळ घाटाची वळणं. खिडकीशी एक बाई.)

मूत्रपिंडं मिनिटाला साधारण १ ते २ मिलिलिटर लघवी तयार करतात. मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर जमलं की पहिली चाहूल लागते. निघताना आळस करून तेवढं तसंच पोटात घेऊन बसलेली बाई जुवारी पुलावर पोचेपर्यंत चारशेच्या घरात जाते. तिथे पुढे गाड्यांची रांग असेल, तर चाहुलीची मागणी होते.

तरीही थेंब सांडत नाही. मूत्राशयाची भिंत म्हणजे डिट्रुसर नावाचा स्नायू. भरताना तो सैल पडत जातो, म्हणून आत तीनशे मिलिलिटर असलं तरी दाब पाण्याच्या १० ते १५ सेंटिमीटरच्या वर जात नाही. पाठीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या भागातून येणाऱ्या, आपल्या मर्जीबाहेर चालणाऱ्या सिंपथेटिक नसा भिंतीला सैल ठेवतात आणि मूत्राशयाचा गळा आवळतात. रसायन एकच, नॉरअ‍ॅड्रेनालिन. भिंतीवरचे बीटा-३ ग्राहक (पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागा) ते घेऊन सैलावतात, गळ्यावरचे अल्फा-१ ग्राहक तेच घेऊन आवळतात.

याच्या खाली तिसरा पहारेकरी, बाहेरचा स्फिंक्टर, म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारा गोल स्नायू. आपल्या मर्जीत असलेला एवढाच. त्याची प्युडेंडल नस मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडच्या, दुसऱ्या ते चौथ्या सॅक्रल खंडातून निघते. खड्ड्यात बस आदळली, खोकला आला, हसू फुटलं की तो आपोआप आणखी घट्ट होतो.

(दृश्य : मेंदूची आकृती. पुढच्या भागातून खाली उतरणारा प्रकाश.)

बस थांबली, शौचालय सापडलं. आता मेंदूचा पुढचा भाग परवानगी देतो आणि मेंदूच्या बुंध्यातलं, पॉन्समधलं केंद्र सूत्रं हाती घेतं. हे केंद्र ब्रिटिश शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं.

क्रम महत्त्वाचा. आधी बाहेरचा स्फिंक्टर आणि ओटीतळाचे स्नायू सैल होतात. मग ओटीपोटातल्या पेल्विक नसांच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, डिट्रुसर आवळतो, आणि नायट्रिक ऑक्साइडमुळे मूत्रमार्ग मोकळा होतो. चारशे मिलिलिटर अर्ध्या मिनिटाच्या आसपास बाहेर. कुंथावं लागत नाही.

मात्र अस्वच्छ भांड्याला टेकायला नको म्हणून अर्धवट वाकून उभं राहिलं, की ओटीतळ नीट सैल होत नाही. धार अडखळते, थोडी लघवी आतच राहते. दोष त्या बाईचा नाही, भांडं साफ न करणाऱ्याचा आहे.

(दृश्य : माड. उंचावर नारळ काढणारा पाडेली.)

आता बिघाड. पाडेली किंवा रेंदेर (माडाची ताडी काढणारा) माडावरून टाचांवर, ढुंगणावर आपटतो, तेव्हा बहुतेकदा पाठ आणि कंबर यांच्या सांध्याजवळचा मणका चेपतो. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्यामुळे सॅक्रल खंड नेमके इथेच असतात. ते चिरडले की डिट्रुसरला आवळण्याचा निरोपच मिळत नाही. पिशवी भरत राहते.

मार त्याहून वर बसला तर चित्र उलटं. पहिले काही आठवडे मूत्राशय गप्प असतं, मग स्वतःच्या लहरीनं आवळू लागतं. पॉन्सचा निरोप तुटल्यामुळे स्फिंक्टर सैल होण्याऐवजी त्याच क्षणी घट्ट होतो. स्नायू आणि दार एकमेकांशी झुंजतात. आतला दाब सतत ४० सेंटिमीटरच्या वर राहू लागला की मूत्रपिंडांना धोका. म्हणून अशा रुग्णाला ‘लघवी होते आहे ना’ एवढं विचारून सोडू नये, युरोडायनॅमिक तपासणीत दाब मोजावा.

मधुमेहाचा बिघाड मुकाट असतो. आधी जाणीव बोथट होते. सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत जातच नाही. भिंत ताणून ताणून थकते. शेवटी पिशवी तुडुंब भरते, दाबानं दार थोडं फाकतं आणि थेंब थेंब गळू लागतं. त्या दिवशी ते दार मानस झालेलं असतं. घरचे मात्र म्हणतात, ‘लघवी फार होते.’ लघवीनंतर सोनोग्राफी केली की खरं कळतं : शिल्लक ५० मिलिलिटरच्या आत असेल तर ठीक, दोनशे-तीनशे असेल तर नाही.

(दृश्य : पावसाळी सकाळ, औषधाचं दुकान. काउंटरवर सर्दीच्या गोळ्यांची पट्टी.)

पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा : क्लोरफेनिरामिन, फिनिलेफ्रिन. पहिलं औषध अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतं, डिट्रुसर ढिला पडतो. दुसरं अल्फा ग्राहकांवर बसून गळा आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी ही गोळी झोपताना घेतली तर पहाटे लघवी साफ अडू शकते. टॅम्सुलोसिन हे याच्या नेमकं उलट औषध : अल्फा ग्राहक अडवून गळा सैल करणारं.

(दृश्य : पलंगाची कड. साबणानं धुतलेले हात, मोजमाप असलेलं भांडं, कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी.)

आवळणारा स्नायूच गेला असेल तर रिकामं करणं हाताचं काम होतं. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळानं, स्वतःच नळी घालण्याची ही पद्धत मांडली.

नळी १२ किंवा १४ नंबरची. १४ म्हणजे साधारण ४.७ मिलिमीटर जाडी. बाईचा मूत्रमार्ग ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा २०च्या आसपास आणि वळणाचा. म्हणून पुरुषानं लिंग वर धरून ते वळण सरळ करायचं, जेली भरपूर लावायची. स्फिंक्टरपाशी नळी अडते. तिथे जोर लावला तर रक्त येतं. थांबायचं, लांब श्वास सोडायचा, की वाट मिळते. धार थांबल्यावर नळी एकदम ओढायची नाही. बोटभर मागे घेतली की तळाशी राहिलेलं थोडं आणखी येतं.

दर ४ ते ६ तासांनी हे करायचं आणि भांड्यातला आकडा वहीत लिहायचा. तो वारंवार पाचशेच्या वर जात असेल, तर पुढची वेळ अलीकडे आणायची.