मराठी लिहिणाऱ्याचा यांत्रिक कळफलक

(नौपाडा, ठाणे येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आमंत्रण देतानाच आयोजकांनी मला बजावले होते की श्रोत्यांमध्ये टंकलेखनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले ज्येष्ठ असतील, ट्रान्सहार्बर गाडीने ऐरोली-महाप्याला कामावर जाणारी तरुण मंडळी असतील आणि माझ्यासारखे घरी बसून भाषांतर करणारेही असतील, तेव्हा सगळ्यांना पुरेल असे काहीतरी बोला. ज्येष्ठांना मी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही. ज्यांनी मराठीची मिनिटाला ३० शब्दांची आणि इंग्रजीची ४० शब्दांची परीक्षा लोखंडी यंत्रावर दिली, त्यांच्या बोटांना कळ म्हणजे काय हे माझ्याहून अधिक कळते. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र आणले, त्या घराण्यातल्या एका यंत्रावर माझे वडील कार्यालयात काम करीत. कळ कुठपर्यंत दाबली की दांडा कागदावर आपटतो हे त्यांच्या बोटांना पाठ होते. पुढे संगणक आला आणि त्याच बोटांखाली रबराचा मऊ थर आला. वडिलांची तक्रार एकच होती: ‘अक्षर उमटले की नाही, हे बोटाला समजत नाही.’

ही तक्रार तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होती. नेहमीच्या स्वस्त कळफलकात सगळ्या कळांखाली रबराच्या घुमट्यांचा एकच पडदा असतो, आणि घुमटी पूर्ण दबून तळाला टेकली की खालच्या दोन थरांचा स्पर्श होऊन अक्षर उमटते. म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी बोट तळापर्यंत नेऊन आपटावे लागते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात धातूची स्प्रिंग असते, आणि चार मिलिमीटरच्या प्रवासात साधारण दोन मिलिमीटरवरच अक्षर नोंदले जाते. उरलेले अंतर हा बोटाला मिळालेला दिलासा आहे. सवय झाली की बोट तळाला न टेकवता पुढच्या अक्षराकडे वळू लागते, आणि दिवसाला सात-आठ तास लिहिणाऱ्याच्या मनगटाला हा फरक संध्याकाळी जाणवतो.

स्विचचे तीन स्वभाव आहेत. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्विच ज्या घडणीचे आहेत, ती जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेली एमएक्स नावाची घडण आहे. तिच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि किमती उतरल्या. मापाबरोबर रंगांची ओळखही टिकली. लाल स्विच सरळ खाली जातो, वाटेत काही अडत नाही आणि त्याला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब पुरतो. तपकिरी स्विचला वाटेत एक बारीक उंचवटा लागतो, त्यावरून अक्षर नोंदल्याची चाहूल बोटाला मिळते आणि दाब सुमारे ५५ ग्रॅम लागतो. निळा स्विच ती चाहूल कानालाही देतो, टिकटिक वाजतो आणि सुमारे ६० ग्रॅम दाब मागतो. दुकानात निळ्याचा आवाज फार गोड वाटतो. पण आपल्याकडची घरे एकमेकांना खेटून आहेत, भिंती पातळ आहेत, आणि रात्री अकराला निळ्या स्विचवर लिहिणाऱ्याला शेजारच्या खोलीतला माणूस काय म्हणतो हे मी स्वतः ऐकले आहे. वडिलांसाठी मी तपकिरी घेतला. माझ्यासाठी लाल. तुमच्यासाठी कोणता, हे मी सांगू शकत नाही. नऊ-दहा प्रकारचे स्विच बसवलेली छोटी चाचणी-पट्टी मिळते, ती आधी आणून आठवडाभर टेबलावर ठेवावी. केवळ व्हिडिओतला आवाज ऐकून स्विच निवडणे म्हणजे छायाचित्र पाहून चप्पल घेण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. यांत्रिक कळफलकाबद्दल बोलताना लोक आवाजाबद्दल बोलतात, दिव्यांबद्दल बोलतात, कीकॅपच्या, म्हणजे कळांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यांच्या, रंगसंगतीबद्दल बोलतात. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यांतले काहीच पहिले नाही. पहिली गोष्ट ही की कोणती कळ काय पाठवणार, हे त्या कळफलकात आपल्याला बदलता येते का?

हे समजण्यासाठी एक गैरसमज दूर करावा लागतो. कळफलकाला अक्षरे येत नाहीत. ना इंग्रजी, ना मराठी. तुम्ही ‘के’ची कळ दाबता तेव्हा यूएसबीच्या तारेतून ‘के’ हे अक्षर जात नाही, चौदा हा क्रमांक जातो. त्या क्रमांकाचे अक्षर संगणक ठरवतो. भाषा इंग्रजी असेल तर ‘के’ उमटते, मराठीची इनस्क्रिप्ट नावाची रचना असेल तर ‘क’ उमटतो, आणि शिफ्टसह दाबली तर ‘ख’. म्हणून ‘मराठी यांत्रिक कळफलक कुठे मिळेल’ हा प्रश्न मला कोणी विचारला की मी म्हणते, तुमच्या घरात असेल तोच मराठी आहे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आपोआप येतो, मॅक आणि लिनक्सवरही तो आहे. देवनागरी छापलेले कीकॅप क्वचित मिळतात आणि त्यांच्या शोधात वेळ घालवू नये. रचनेचा कागद पडद्याशेजारी चिकटवावा, तीन-चार आठवड्यांत तो काढून टाकावासा वाटतो.

इनस्क्रिप्ट फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि अल्पप्राणाची कळ शिफ्टसह दाबली की महाप्राण: क-ख, ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ‘ल’वर शिफ्ट दिला की ‘ळ’, ‘स’वर दिला की ‘श’. काना देणारी कळ शिफ्टसह दाबली की ‘आ’. टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन रचनेवर वाढलेल्या ज्येष्ठांना सुरुवातीला हे खटकते, कारण तिथे अक्षर डोळ्याला दिसते तसे तुकड्यातुकड्याने जोडायचे, ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. पण या सुंदर व्यवस्थेची एक किंमत आहे, ती म्हणजे शिफ्ट. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावापुरता लागतो. मराठीत ‘भाषेचा अभ्यास’ एवढे दोनच शब्द लिहायचे तर ‘भ’ला, ‘ष’ला, ‘अ’ला आणि पुन्हा ‘भ’ला मिळून चार वेळा करंगळी शिफ्टकडे जाते. दिवसभरात किती वेळा जात असेल, याचा हिशेब मी केलेला नाही, करंगळीने केला आहे.

येथे सानुकूल कळफलकाचा खरा उपयोग सुरू होतो. क्यूएमके नावाचे एक मुक्त स्रोत फर्मवेअर आहे, म्हणजे कळफलकाच्या पोटातल्या छोट्या चिपवर चालणारी आज्ञावली. ज्या कळफलकावर ते आहे, त्याच्या कळांची मांडणी व्हाया किंवा व्हायल या साधनांनी क्रोमसारख्या ब्राउझरमधून चित्रावर बोट ठेवून बदलता येते. बदल चिपमध्ये साठतो, त्यामुळे तोच कळफलक कार्यालयातल्या संगणकाला जोडला तरी मांडणी बरोबर येते आणि कोणाची परवानगी मागावी लागत नाही. यात ऑटो शिफ्ट नावाची सोय आहे. कळ टिचकीसारखी दाबून सोडली की साधे अक्षर, आणि मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे १७५ मिलिसेकंदांपेक्षा, जास्त वेळ दाबून धरली की शिफ्टचे अक्षर. ज्याने ही सोय केली त्याच्या मनात इंग्रजी मोठी अक्षरे असणार. पण इनस्क्रिप्टवर ती चालू करून पाहा: ‘क’ थोडा धरला की ‘ख’ होतो, ‘ब’ धरला की ‘भ’, ‘ल’ धरला की ‘ळ’, काना धरला की ‘आ’. महाप्राणाला श्वास जास्त लागतो आणि इथे बोटही जास्त वेळ लागते. ही संगती मला पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी काम सोडून तासभर नुसती बाराखडी लिहीत बसले होते.

दोष नाहीत असे नाही. अक्षर कळ दाबताना उमटत नाही, सोडताना उमटते, त्यामुळे पहिले काही दिवस पडदा मागे पडल्यासारखा वाटतो. शिवाय विचार करत रेंगाळलेले बोट अर्थ बदलते. माझ्या एका मसुद्यात ‘दार उघडले’चे ‘धार उघडले’ झाले होते, आणि ‘पळ काढला’चे ‘फळ काढला’. मी मर्यादा २२० मिलिसेकंदांवर नेली तेव्हा ते थांबले. प्रत्येकाने आपापल्या बोटाचा आकडा शोधावा. खरेदीच्या वेळी लक्षात ठेवायचे ते एवढेच की व्हायलमध्ये ही सोय सहसा सेटिंगमध्येच सापडते, व्हायामध्ये मात्र मूळ फर्मवेअरमध्ये घातलेली असेल तरच मिळते.

दुसरा बदल सर्वांना करता येण्याजोगा आहे. मराठीत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही, तरी डाव्या करंगळीच्या शेजारची मोक्याची जागा कॅप्स लॉक अडवून बसलेला असतो. मी त्या जागी विंडोज आणि स्पेस यांचा जोड बसवला आहे, त्यामुळे एका टिचकीत मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी होते. भाषांतर करणाऱ्याला हे दिवसातून शेकडो वेळा लागते. मॅक्रोही, म्हणजे एका कळीवर साठवलेली कळांची मालिकाही, करता येतात, पण त्यांच्याबाबत एक सावधगिरी हवी. मॅक्रो शब्द साठवत नाही, कळांचे क्रमांक साठवतो. मी ‘महाराष्ट्र शासन’ हा मॅक्रो करून ठेवला होता, आणि भाषा इंग्रजीवर असताना तो दाबला गेल्यामुळे एका ग्राहकाला गेलेल्या पत्राची सुरुवात सी-यू-ई-जे-ई अशी झाली.

कळफलकाचा आकार निवडतानाही मराठीचाच निकष लावावा. १०४ कळांचा पूर्ण कळफलक, उजवीकडची आकड्यांची पट्टी काढलेला ८७ कळांचा, आणि त्याहून लहान, बाणांच्या कळाही नसलेला ६१ कळांचा, असे प्रचलित आकार आहेत. ६१ कळांच्या कळफलकात एस्केपची कळ एकच्या डावीकडे येते, आणि तिथले इनस्क्रिप्टचे चिन्ह मराठीला लागत नाही, म्हणजे आपले काही बुडत नाही. त्याहून लहान आकारांत मात्र आकड्यांची ओळच जाते, आणि ज्ञ, त्र, क्ष, श्र हे चौघे शिफ्टसह त्याच ओळीवर राहतात. एंटरच्या वरची तिरप्या रेघेची कळही तपासून घ्यावी. ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ आणि ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ तिच्यावर आहेत, आणि युरोपीय मांडणीच्या कळफलकात ती कळ भलतीकडे असते.

हॉटस्वॅप हा शब्द जाहिरातीत दिसला तर थांबून वाचावे. त्याचा अर्थ स्विच डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेले नाहीत, खोबणीत बसवलेले आहेत आणि चिमट्याने उपटता येतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या कळफलकावर अर्धा कप चहा सांडला. साखरेमुळे चार स्विच चिकटले. तार काढली, सगळे स्विच उपटले, आतली सर्किटची पट्टी पुसून दोन दिवस पंख्याखाली ठेवली आणि ते चार स्विच बदलले. डाग दिलेल्या कळफलकाला हेच काम करायला सोल्डरिंग येणारा माणूस शोधावा लागला असता. नवा स्विच बसवताना त्याच्या दोन तांब्याच्या काड्या सरळ आहेत की नाहीत हे पाहावे, आणि खोबणीला मागून बोटाचा आधार द्यावा, इतकेच.

कीकॅपबद्दल थोडक्यात. एबीएस प्लास्टिकचे कीकॅप काही महिन्यांत तेलकट चमकू लागतात, पीबीटीचे बराच काळ खरखरीत राहतात, आणि आपल्या दमट हवेत घामेजल्या बोटांना खरखरीतच बरे. संच मागवण्यापूर्वी मापे मोजावीत. एका कळीचे एकक १९.०५ मिलिमीटर असते, आणि पूर्ण कळफलकातला उजवा शिफ्ट २.७५ एककांचा असतो, तर बाणांच्या कळा कोंबून बसवलेल्या छोट्या कळफलकांत तो १.७५ एककांचा असतो. हे न पाहता मी एक सुंदर संच मागवला आणि त्यात माझ्या मापाचा शिफ्टच नव्हता. त्या जागी कित्येक महिने काळा, जुना कीकॅप होता. ज्या भाषेला शिफ्टची एवढी गरज, तिच्या कळफलकावर तो एकटाच विजोड दिसत असे.

स्विचना वंगण घालणे, आत फोम भरणे, महिनोन्‌महिने वाट पाहून परदेशी संच मागवणे, या गोष्टी छंद म्हणून उत्तम आहेत. लिहिण्याशी त्यांचा संबंध थोडा आहे. फक्त स्पेसबारखालच्या तारेला वंगणाचा एक ठिपका जरूर द्यावा, नाहीतर ती प्रत्येक शब्दानंतर खडखडते. खर्चाचे विचाराल तर हॉटस्वॅप कळफलक साधारण तीन हजारांपासून मिळू लागतात, वरची मर्यादा माणसाच्या हौसेवर आहे. पैसे कमी असतील तर दिवे सोडावेत, ब्लूटूथ सोडावे, धातूचे कवच सोडावे, पण व्हाया किंवा व्हायल चालते का हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. ‘सॉफ्टवेअर सपोर्ट’ एवढ्या शब्दांवर विश्वास ठेवू नये, कारण अनेकदा ते फक्त दिव्यांचे रंग बदलणारे सॉफ्टवेअर निघते. आणि मांडणी मनासारखी झाली की ती फाइल म्हणून जपून ठेवावी, फर्मवेअर नवे केले की जुनी मांडणी पुसली जाऊ शकते.

बाहेरच्या टेबलावर मी तीन कळफलक ठेवले आहेत. तिन्हींवर मराठी चालू आहे, सर्वांनी आपले नाव लिहून पाहावे. उजवीकडच्यावर ऑटो शिफ्ट आहे आणि त्याची मर्यादा मी मुद्दाम १७५वरच ठेवली आहे, तेव्हा ज्यांच्या नावात ‘प’ किंवा ‘द’ आहे त्यांनी जरा भरभर टंकावे.