हात कुठे थांबतो

(दृश्य : डिचोली तालुक्यातली चित्रशाळा. पत्र्यावर पावसाचा आवाज. फळ्यांवर अजून न रंगवलेल्या मूर्ती.)

श्रावण निम्मा सरला की गोव्यातल्या चित्रशाळांत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडतात त्या शाळांत, रात्रीही दिवे मालवत नाहीत. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, तारीख पंचांगाने ठरवलेली. ती पुढे ढकलणं कुणाच्याच हातात नाही. घराघरांतून पाट आधीच आलेले असतात. त्याच पाटावर मूर्ती घडणार आणि त्याच पाटावरून घरी जाणार. भिंतीला टेकवून ठेवलेले रिकामे पाट पाहिले, की किती काम उरलं आहे ते वेगळं मोजावं लागत नाही.

मूर्ती चिकणमातीची. माती भिजवायची, खडे वेचायचे, लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळायची. आधी बैठक आणि पोट, मग हात, सोंड, मुकुट. आणि मग थांबायचं. उन्हात ठेवली तर मूर्ती तडकते, पावसाळ्यात सावलीत ठेवली तर वाळता वाळत नाही. अंगात ओल असताना रंग चढवला, तर त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून मूर्तिकार बोटांची मागची बाजू मूर्तीच्या पोटाला लावून बघतो. गार लागली, म्हणजे आत अजून पाणी आहे. मूर्ती पुन्हा फळीवर जाते.

(दृश्य : डोळ्यांची आखणी, अगदी जवळून.)

डोळे सगळ्यात शेवटी. ब्रश इतका बारीक, की टोकाला मोजकेच केस. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, म्हणजे हात हलत नाही. वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग खालची. मग बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका. समोर बसणाऱ्याला वाटलं पाहिजे की देव आपल्याकडेच बघतोय. ती नजर लागली, की ब्रश पाण्यात.

शिकाऊ मुलगा नेमका इथे अडकतो. त्याला वाटतं, पापणी अजून जराशी ठळक करू. एक डोळा ठळक झाला की दुसराही करावा लागतो, मग भुवया फिक्या वाटू लागतात, आणि बघता बघता चेहऱ्यावरचा प्रसन्नपणा जाऊन तिथे राग उतरतो. मागून आवाज येतो, "पुरे रे, हात काढ."

हे "पुरे" नेमकं कशावरून कळतं, यासाठी ही फिल्म. सरावाने कळतं, हे तर आहेच. पण मला वाटतं, मूर्तिकाराला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मूर्तीचं काम त्याच्यापाशी संपणारच नसतं. चवथीच्या सकाळी घरात प्राणप्रतिष्ठा होते, तेव्हा तुपात बुडवलेल्या दूर्वांनी भटजी मूर्तीच्या डोळ्यांना स्पर्श करतात. देवाचे डोळे उघडतात ते तेव्हा. मूर्तिकाराने ते फक्त रेखून ठेवलेले असतात. वर माटोळी, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगलेलं फळांचं छत, असते : नारळ, सुपारीचे घड, चिबूड, तोरिंजन, रानातून शोधून आणलेली फळं. ती बांधणारे हात वेगळे, आरती म्हणणारे गळे वेगळे. या सगळ्यांसाठी जागा सोडून मूर्तिकाराला थांबायचं असतं.

आणि पाण्यासाठीसुद्धा. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, ज्या घराची जशी रीत. फोंडा तालुक्यातल्या आडपईत पाचव्या दिवशी चित्ररथांसह मिरवणूक निघते, गाव लोटतो, आणि मग विसर्जन. ज्या मातीला महिनाभर पाण्यापासून जपलं, ती पाण्यात परत जाते.

(दृश्य : कुंभाराची भट्टी. धूर.)

डिचोलीचे कुंभार याच तालुक्यातले. त्यांची मातीही चिकणच, पण ती भट्टीत जाते. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग कितीही भिजवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. मडक्याला हे हवंच, नाहीतर त्यात पाणी कसं राहणार? गणपतीला मात्र हे नको. मूर्ती कच्ची ठेवतात, ती जाणूनबुजून. भाजण्याची शेवटची पायरी गाळली, म्हणूनच ती मूर्ती तिच्या कामाला पूर्ण ठरते.

प्लास्टर ऑफ पॅरिसचं नेमकं इथेच बिनसतं. जिप्सम तापवून केलेली ती भुकटी पाणी मिळताच पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. मूर्ती हलकी होते, गुळगुळीत होते, साच्यातून झटपट निघते. दिसायला कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण नदीत ती विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा मूर्तींवर बंदी आली ती प्रदूषणामुळे. मला त्या मूर्तीत कारागिरीचाही दोष दिसतो. ती घडवताना पाण्याचा विचारच झालेला नसतो.

(दृश्य : जुन्या देवळाची भिंत. पांढऱ्यावर तांबडी नक्षी.)

कावी कलेत थांबण्याची वेळ भिंतच ठरवते. गोवा, सिंधुदुर्ग, कारवार या पट्ट्यातल्या जुन्या देवळांत ही चित्रं दिसतात. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ असं मिश्रण मुरवायचं, कुटून मऊ करायचं आणि भिंतीवर लावायचं. त्यावर तांबड्या कावेचा थर. तो ओला असतानाच लोखंडी कोरणीने खरवडत जायचं. जिथली काव निघते, तिथे खालचा पांढरा रंग उघडा पडतो. वेल, हत्ती, कंपासने आखलेली कमळं, सगळं असंच काढून टाकत काढलेलं. एकदा खरवडलेला भाग परत तांबडा होत नाही. चुना आवळू लागला, की कोरणी अडखळते आणि रेघेच्या कडा तुटतात. आडपईचे सागर नाईक मुळे आज ही कला पुन्हा लोकांसमोर आणत आहेत. त्यांच्यासारख्यांचं काम पाहताना लक्षात येतं, की मोकळी सोडलेली तांबडी जागासुद्धा कुणीतरी राखलेली आहे.

आम्ही ज्या टेबलावर हा व्हिडिओ जोडतो, तिथे असं काही आवळत नाही. कापलेला तुकडा परत लावता येतो, रंग रोज नव्याने बदलता येतो, आणि म्हणून काम आठवडेच्या आठवडे लांबतं. लिहिणाऱ्याचं, चित्र काढणाऱ्याचं, गाणं बांधणाऱ्याचंही आता तसंच झालंय. चित्रशाळेतून मी एक प्रश्न घेऊन आलो : माझ्यानंतर हे कुणाच्या हाती जाणार आहे, आणि त्याच्यासाठी मी काय शिल्लक ठेवलंय? हा विचारला की बऱ्याच दुरुस्त्या आपोआप गळतात. जी दुरुस्ती खरंच हवी असते, ती तेवढी समोर राहते.

(दृश्य : दिवाळीची आदली रात्र. वाड्यावरचा चौक, ढोल, बांबूचा सांगाडा.)

गणपती गेले की हीच पोरं नरकासुराच्या पुतळ्याला लागतात. बांबू, सुकं गवत, कागद, रंग. पुरुषभर उंच, कधी घराच्या छपराएवढा. इथे मागून "पुरे" म्हणणारं कुणी नसतं. मध्यरात्र उलटली तरी कुणीतरी शिडीवर चढून त्याच्या मिशा चिकटवत असतो, खालून दुसरा ओरडत असतो की डावा सुळा वाकडा झालाय. स्पर्धेचे परीक्षक येऊन जातात. सुळा सरळ होतो. पहाट व्हायच्या आत त्याला पेटवायचंच असतं.