कंद, कढई आणि तिरफळ

(पडद्यावर: कढईतलं तेल, अगदी जवळून. जांभळी चकती आत पडते.)

या चकतीला रंग लावलेला नाही. सोलताना ती जेवढी जांभळी होती, तेवढीच तेलातही आहे. हे कोनफळ, जमिनीत वाढणारा कंद, आणि आज त्याचे वेफर्स होतायत. थंडीत रायगडच्या बाजारात बायकांच्या टोपल्यांमध्ये मातीने माखून पडलेलं असतं, आणि निम्मी गिऱ्हाइकं ते न बघताच पुढे जातात.

तेलावरचे बुडबुडे बघा. ताज्या कंदात 70 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते वाफ होऊन बाहेर पडतं, त्याचा हा खळखळाट. आवाज बसला की पाणी संपलं आणि चकती कडक झाली. कढईपाशी बसलेल्या ताई घड्याळाकडे बघत नाहीत, कानाने तळतात.

(पडद्यावर: अंगण. सुपांमध्ये मांडलेले कंद.)

अलिबाग तालुक्यातलं हे अंगण एका बचत गटाचं. बटाट्याचे वेफर्स इथे कुणी करत नाही. सुपांमध्ये आहेत कोनफळ, सुरण, करांदे, रताळी आणि ही काटेरी मुळांची छोटी छोटी कणगी. आज यांवर नेहमीचा लाल मसाला पडणार नाही. पडणार आहे तिरफळ, आमसूल, भांबुर्ड्याचा पाला आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी.

पण आधी परसात जाऊ.

(पडद्यावर: मांडवावरचे वाळलेले वेल.)

हे दोन वेल शेजारी शेजारी चढलेत. नीट बघा, डावीकडचा एका दिशेने पिळत गेलाय आणि उजवीकडचा बरोबर उलट्या. एक कोनफळाचा, दुसरा करांद्याचा. कोनफळाचं खोड बोटांत धरलं तर त्याच्या कडांना पंखासारख्या पट्ट्या लागतात, करांद्याचं मात्र गोल आणि गुळगुळीत. घरातली लहान पोरंसुद्धा पान न बघता वेल ओळखतात.

कोनफळ जमिनीत वाढतं. करांदा लागतो हवेत, पानाच्या बेचक्यात. पावसाआधी लावलेला वेल थंडीच्या तोंडावर पिवळा पडतो, आणि मांडव हलवला की करांदे टपाटप खाली येतात. हे दृश्य आम्ही तीनदा घेतलं. गरज एकदाचीच होती, पण पोरांना मांडव हलवायचाच होता.

(पडद्यावर: चूल, मोठं भगुलं, राख.)

करांदा कडू असतो. परसातला थोडा, रानातला फार. रानातला कच्चा खायचाच नाही, तो बाधतो. कातकरी आणि ठाकर वस्त्यांमधल्या बायकांना हे कुणी शिकवायला लागत नाही. चकत्या करायच्या, चुलीतल्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या, चव बघायची, अजून कडू लागल्या तर पुन्हा पाण्यात. दुकानातल्या वेफर्सच्या पाकिटावर घटकपदार्थ छापतात. इथे घटकपदार्थांत राख आणि ओढा धरावा लागेल.

वेफर्ससाठी गट परसातलाच करांदा घेतो. मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचा, गार करून सोलायचा आणि मग किसणीवर धरायचा. पूर्ण शिजला तर चकती मोडते, कच्चा राहिला तर कडवटपणा उतरत नाही.

सुरणाची तऱ्हा वेगळी. त्याच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच हाताला आणि घशाला खाजवतात. म्हणून सोलणाऱ्या मावशींच्या हाताला तेल आहे, आणि चकत्या पडतायत त्या आमसुलाच्या पाण्यात.

(पडद्यावर: पांढऱ्या बशीत कोनफळाची चकती. वरून लिंबाचा थेंब.)

आता ही बशी. जांभळ्या चकतीवर लिंबू पिळलं, रंग गुलाबीकडे सरकला. दुसऱ्या चकतीवर खायच्या सोड्याचं पाणी टाकलं, ती निळसर झाली. कोनफळातला हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आंबट आणि सोडा त्याला लगेच कळतात. याचा वेफर्सशी संबंध एवढाच की आमसुलाच्या पाण्यात बुडवलेलं कोनफळ तळल्यावर लालसर दिसतं आणि साधं जांभळं. पण बशीतलं हे दृश्य कापून टाकायला आमचं मन झालं नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1990 साली दोन शेफनी टेरा चिप्स काढले. अळकुड्या, रताळी, पार्सनिप यांचे काप एकाच पाकिटात. त्यातले लाल दिसणारे काप म्हणजे बीटच्या रसात रंगवलेल्या अळकुड्या. तिथे रंग चढवावा लागला, इथे तो मातीतून निघतो आणि तरीही टोपलीतच राहतो.

वाण नाही, असंही नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोनफळाचा कोकण घोरकंद आणला, रताळ्यात कोकण अश्विनी आणली. केरळात टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, घरोघरी पोचला, त्यामागे त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांचा हात होता. आपल्याकडे कंदांच्या वाट्याला राजा आला नाही, उपवास आला. वर्षातले मोजके दिवस, तेवढ्यापुरती लागवड.

(पडद्यावर: पाटा-वरवंटा. तिरफळं निवडणारे हात.)

आता मसाले. तिरफळं सिंधुदुर्गातून आली आहेत. काटेरी झाडाचं हे फळ वाळलं की उकलतं. आतली काळी बी फेकायची, वापरायचं फक्त वरचं टरफल. बांगड्याच्या सारात पडतं तेच. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच्याच कुळातली.

आमसूल कडक वाळवून, काळं मीठ घालून कुटलंय. भांबुर्ड्याचा पाला पोपटीत, म्हणजे मडक्यात शेंगा भाजताना, लावतात, मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी. इथे तो सावलीत वाळवून चुरलाय. जवळा कोरड्या तव्यावर भाजलाय, वास पडद्यावर दाखवता येत नाही ते बरंच.

(पडद्यावर: चव बघणाऱ्यांचे चेहरे, एकामागून एक.)

सुरणावर आमसूल. पहिला घास, आणि डोळे मिटलेले. जुनीच जोडी, फक्त रस्सा गेला आणि कुरकुरीतपणा आला.

करांद्यावर भांबुर्डा. इथे मतभेद आहेत. कडवटावर उग्र, असं दोघींचं म्हणणं. तिसरीने बशी स्वतःकडे ओढली आहे.

रताळ्यावर जवळा. आमच्या कॅमेरामनला सर्वांत जास्त आवडलेला हाच, म्हणून हे दृश्य थोडं हललंय. गोड काप, वर खारट समुद्र.

आणि कोनफळावर तिरफळ. आधी काहीच होत नाही. मग लिंबासारखा वास नाकात चढतो, ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिर होते. ही मुलगी हसतेय कारण तिला "स" म्हणता येत नाहीये.

कणग्यांवर काहीच टाकलेलं नाही. त्यांच्यात साखर जास्त, मोठ्या आचेवर आधी करपतात आणि मग कडक होतात, म्हणून मंद आचेवर तळलेत. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी मसाल्याची वाटी बाजूला सारली.

"ह्याला मसाला कशाला गो? मीठ टाक न् खा."

आम्हीही तसेच खाल्ले. खरं सांगायचं तर दिवसभरात चाखलेल्या सगळ्यांत कंदाची चव इथेच होती. बाजारातल्या बटाटा वेफर्समध्ये जीभ मसाला ओळखते, बटाटा नाही. ती सवय कंदांना लावू नये, एवढंच आमचं म्हणणं. तिरफळ हवंच, पण चिमटीभर.

(पडद्यावर: झाऱ्यावर निथळणारे वेफर्स.)

तेल शोषलं जातं ते बरंचसं कढईतून बाहेर काढल्यावर, चकती गार होताना. म्हणून झारा इतक्या जोरात आपटला जातोय. तरीही तळलेलं ते तळलेलंच, कंदाचे वेफर्स बटाट्यापेक्षा हलके नाहीत. शिवाय गोड कंद जास्त लाल तळले की ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन वाढतं, स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 साली तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत दाखवून दिलं तेच. करपट तुकडे वेचून बाजूला काढलेत.

(पडद्यावर: पिशव्या भरणं, मेणबत्तीवर तोंड बंद करणं.)

या हंगामात विक्रीला जाणार आहेत आमसुलाचं सुरण, तिरफळाचं कोनफळ आणि उपवासाला चालणारी साधी रताळी. जवळा पिशवीत लवकर नरम पडतो, तो घरीच खायचा ठरलंय. भांबुर्ड्यावर अजून एकमत नाही. कणगी थोडीच होती, ती इथेच संपली. बियाण्याची मात्र आधीच बाजूला काढून राखेत ठेवली आहेत.